खांबासारखा कॅक्टस पिवळा पडायलाय? आधी तो कॅक्टसच आहे का बघा, मग पिवळं कुठून सुरू झालं ते बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. अंबाजोगाईला तुमच्या गच्चीवर दोन उंच खांबासारखे कॅक्टस आहेत, दोन्ही एप्रिलमध्ये एकाच गाडीवाल्याकडून घेतलेले आणि त्यानं दोन्हीचं नाव 'सिरियस' सांगितलं. पहिला पाच फुटी, सहा धारांचा, त्याला मे महिन्यात एका अंगानं पिवळा पट्टा आला आणि आता शेंड्याची नवीन वाढ पण फिकट यायलीय. दुसरा तीन धारांचा, प्लास्टिकच्या ड्रममध्ये शेतातल्या काळ्या मातीत लावलेला, तो दसऱ्यापासून बुडाकडून पिवळा पडायलाय आणि त्याची बारीक पानं पण गळाली. शेजारच्या काकू म्हणतात पाणी कमी पडलं, दीर म्हणतात बुरशी आहे औषध फवारा, कृषी केंद्रवाला म्हणतो १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं खत) द्या.

यातलं काहीच आज करू नका. मी बावीस वर्षं जालन्याकडं नर्सरी करतो, त्यात अर्ध्याहून जास्त जागा काटेरी झाडांचीच आहे, आणि पिवळं पडलेल्या खांबाला लोक सगळ्यात आधी पाणी देतात नाहीतर खत देतात, आणि दहातली सहा-सात झाडं त्या पाण्यानंच जातात हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता कुणी फोन केला की मी पहिलं वाक्य हेच बोलतो, पाण्याचा मग खाली ठेवा आणि बोटानं दाबून बघा.

पण त्याच्या आधी नाव. तुमचे दोन्ही फोटो मोठे करून बघितले. पहिला सिरियस आहे, दुसरा कॅक्टसच नाही. तो युफोर्बिया आहे, म्हणजे आपल्या शेराचा आणि बांधावरच्या तिधारी निवडुंगाचा भाऊबंद. मराठीत आपण सगळ्यांनाच निवडुंग म्हणतो त्यामुळं हा घोळ होतो, पण दोघांची घराणीच वेगळी. कॅक्टस मूळचे अमेरिका खंडातले (एक लोंबणारी जात तेवढी आफ्रिका आणि श्रीलंकेतपण आपोआप वाढते), आणि हे खांबासारखे युफोर्बिया आफ्रिका आणि आपल्या भागातले. दोघंही कोरड्या मुलखात राहून राहून एकसारखे दिसायला लागले एवढंच.

ओळखायचं कसं? काट्याच्या मुळाशी बघा. खऱ्या कॅक्टसला काटा जिथून निघतो तिथं लोकरीची, मखमलीसारखी छोटी गादी असते, तिला एरिओल म्हणतात, काटे, फांद्या, फुलं सगळं त्या गादीतूनच येतं. जगातल्या प्रत्येक कॅक्टसला ती असते आणि युफोर्बियाला ती नसते. युफोर्बियाचे काटे बहुतेक जोडीजोडीनं, बैलाच्या शिंगासारखे दोन बाजूला फाकलेले. आणि तुमच्यासारखं धारेवर बारीक पान असेल तर युफोर्बिया ट्रायगोनाच समजा. तरी शंका राहिली तर धारेवर सुईनं नुसतं टोचा, पांढरं दूध आलं की विषय संपला. पण हे करताना हात जपा. तो चीक कातडीला भाजल्यासारखा होतो आणि डोळ्यात गेला तर लई वाईट, दोन-तीन दिवस माणसाला धड दिसत नाही. माझ्याकडं काम करणाऱ्या एका पोरानं कटिंग करताना कपाळावरचा घाम त्याच हातानं पुसला आणि घामासोबत चीक डोळ्यात उतरला, त्याचं ओरडणं अजून कानात आहे. लगेच पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्यानं डोळा धुतला आणि तसंच डॉक्टरकडं नेलं म्हणून निभावलं. घरात लहान लेकरं असतील तर हे झाड हाताला येईल असं ठेवू नका.

नाव कशाला हवं म्हणाल तर युफोर्बियाची पानं थंडीत आणि पाणी ताणल्यावर अशीही गळतात, तो आजार नाही. सिरियसला पानंच नसतात. शिवाय काही झाडं जन्मतःच पिवळी असतात, युफोर्बियाच्या आणि सिरियसच्याही चट्ट्यापट्ट्याच्या जाती मिळतात, त्यातला पिवळा रंग गुळगुळीत, स्वच्छ आणि घेतल्या दिवसापासून असतो. एका सरांनी असला झेब्र्यासारखा पट्ट्यांचा खांब घेतला आणि पिवळं जायना म्हणून वर्षभर औषधं मारली, झाड बिचारं ठणठणीत होतं.

आता खरे खांबी कॅक्टस आपल्याकडं कोणते मिळतात ते सांगतो. सगळ्यात जास्त सिरियसच. त्याला सगळे 'पेरुवियानस' म्हणतात पण ते नाव फसवं आहे, झाड पेरू देशातलं नाहीच, त्या नावाखाली बहुतेक वेळा सिरियस रेपँडस किंवा हिल्डमॅनियानस विकतात, पहिला व्हेनेझुएला-कुरासाओकडचा आणि दुसरा ब्राझील-उरुग्वेकडचा. पाच ते आठ-नऊ खोल धारा, करडट हिरवा रंग, तपकिरी काटे. मोठा झाला की रात्री ताटलीएवढं पांढरं फूल येतं आणि सकाळी उन्हं वर आली की मिटतं. निळाशार, सोनेरी काट्यांचा आणि गादीवर भरपूर लोकर असलेला दिसला तर तो पायलोसोसेरियस, ब्राझीलचा. त्याचा निळा रंग म्हणजे वरचा मेणाचा थर आहे, कपड्यानं पुसला किंवा साबण-तेल मारलं की तो जातो आणि त्या जागी परत येत नाही, तेव्हा त्याला पुसायचा मोह आवरा. निळसर पण काटे आखूड, फांद्या दिव्याच्या झाडासारख्या वर वळलेल्या असतील तर मेक्सिकोचा मायर्टिलोकॅक्टस, रंगीत कॅक्टसची कलमं बांधायलापण हा वापरतात. गडद हिरवा, आणि प्रत्येक धारेवर खडूनं ओढल्यासारखी पांढरी रेघ, तो मेक्सिकोत कुंपणाला लावतात तो मार्जिनाटस. पांढऱ्या बारीक काट्यांनी पूर्ण झाकलेला, मनगटाएवढा, चांदीच्या काठीसारखा तो क्लाइस्टोकॅक्टस. आणि कुणी तुम्हाला चार फुटी 'सग्वारो' सहाशे रुपयाला देत असेल तर तो सग्वारो नाही. अॅरिझोनातला खरा सग्वारो पहिल्या आठ वर्षांत इंच-दीड इंचच वाढतो, पहिला हात फुटायला पन्नास वर्षांच्या पुढं जातात.

ड्रॅगन फ्रूटची वेल पण तीन धारांची असते बरं का, आता बीड-लातूरकडं पुष्कळांच्या शेतात आहे, पण ती खांब नाही, तिला सिमेंटच्या पोलचा आधार लागतो आणि तिच्या काट्याखाली गादी असते. ज्यांच्याकडं ती आहे त्यांनी मेमधली तिची पिवळी पडलेली कांडी बघितली असेल, तर तुमच्या पहिल्या झाडाला काय झालं ते त्यांना लगेच कळेल.

ते ऊन लागलंय. कॅक्टसला ऊन लागतं म्हटलं की लोक हसतात, वाळवंटातलं झाड म्हणे. पण गाडीवाल्याचं झाड हे वाळवंटातलं नसतंच, ते कुठल्यातरी पॉलिहाऊसमध्ये, पांढऱ्या कागदाखाली, मऊ उजेडात वाढलेलं असतं. ते एप्रिलमध्ये आणून तुम्ही थेट गच्चीच्या पश्चिमेच्या कठड्याला ठेवलं, वरून बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, खालून स्लॅबची धग, बाजूनं पांढऱ्या कठड्याची झळ. रात्रीपण स्लॅब गारच होत नाही. हे झाड दिवसा आपली छिद्रं बंद ठेवतं आणि रात्री गारव्यात उघडून हवा घेतं, म्हणून गरम रात्री त्याला जास्त जड जातात. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः ही चूक केली, बाहेरच्या राज्यातून आलेला सिरियसचा लॉट एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात उघड्यावर मांडला, पंधरा दिवसात सगळ्यांची पश्चिमेची बाजू पिवळी, मग पांढरट, मग खाकी. एक पण झाड मेलं नाही, पण एक पण विकलं गेलं नाही.

उन्हाच्या पिवळ्याची खूण अशी की ते एकाच अंगाला असतं, दाबलं तर कडक लागतं, आणि सावलीकडची बाजू, म्हणजे एका धारेच्या आडोशाला असलेली खाच, हिरवीच राहते. तुमच्या फोटोत खाच हिरवी आहे, म्हणून मी खात्रीनं बोलतोय. हा डाग आता परत हिरवा होणार नाही, कोणतंही औषध मारलं तरी नाही. तो वाळून खाकी सालीसारखा होईल आणि झाड वर नवीन हिरवं वाढत राहील. पुढच्या वर्षी होळीच्या आधीच त्याच्यावर पन्नास टक्केची हिरवी शेडनेट बांधा, मृग निघाला की काढा. आणि कुंडी हलवायची झाली तर आधी खडूनं पश्चिमेच्या बाजूवर खूण करा आणि नवीन जागी तीच बाजू पश्चिमेला ठेवा, ती साल उन्हाला तयार झालेली असते, कोवळी बाजू एकदम उन्हाकडं फिरवली की ती पण जळते. काळी प्लास्टिकची कुंडी असेल तर तिला गोणपाट गुंडाळा, आत मुळं अक्षरशः शिजतात.

आता त्याच झाडाचा फिकट शेंडा. हा वेगळा विषय आहे, आणि आपल्या मराठवाड्याचा खास विषय. नवीन वाढ पिवळी आणि खालचं जुनं अंग हिरवं, म्हणजे लोह कमी पडतंय. जुनं आधी फिकट पडलं असतं तर मी नत्र म्हटलं असतं, कारण नत्र झाड जुन्या भागातून काढून नवीन भागाला देऊ शकतं, लोह तसं हलवता येत नाही. जालन्याच्या मोसंबीवाल्यांना हे सांगायला नको, शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे ते दरवर्षी बघतात. कारण तेच, जमिनीत चुनखडी आणि बोअरचं जड पाणी. लोह मातीत असतं पण पीएच (माती-पाणी किती आंबट, किती खारट-चुनखडी ते मोजायचा आकडा) आठच्या आसपास गेला की ते मुळांना घेता येत नाही. तुम्ही लिहिलंय की वर्षभर बोअरचं पाणी देता आणि कुंडीच्या काठाला पांढरा थर जमतो, तो क्षारच आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हापासून आपल्याकडं बोअर किती खोल गेलेत ते तुम्हाला माहितीच आहे, आणि सहसा जेवढं खोल तेवढं पाणी जड. आणि एक विनंती, आरओच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी झाडांना देऊ नका. पाणी वाचवायची भावना चांगली आहे, पण मशीननं काढलेले सगळे क्षार त्या पाण्यात असतात. ते फरशी पुसायला वापरा. एसीचं पाणी मात्र चालतं, त्यात क्षार नसतात.

कुंडीत मुरूम घातलाय म्हणालात ना, त्याच्यावर थोडं व्हिनेगर नाहीतर लिंबू पिळा. फसफसलं की चुनखडीचा मुरूम आहे, तो बदला. पावसाचं पाणी पिंपात साठवता आलं तर सगळ्यात उत्तम, नाहीतर दहा लिटर बोअरच्या पाण्यात अर्धा छोटा चमचा लिंबूसत्त्व टाकून पीएचच्या पट्टीनं बघा, सहा-साडेसहापर्यंत आणा आणि ते द्या. लोह द्यायचं असेल तर कृषी केंद्रात ईडीडीएचए मधलं चिलेटेड लोह (म्हणजे चुनखडीतही मुळांना घेता येईल असं बांधून ठेवलेलं लोह) मागा, पाकिटावरच्या मात्रेच्या अर्ध्यानं, मातीतून, संध्याकाळी. साधं हिराकस किंवा ईडीटीएवालं लोह चुनखडीत टिकत नाही, पैसे जातात. आणि १९:१९:१९ सध्या अजिबात नको. थंडी तोंडावर आहे, आता नत्र दिलं तर मऊ, पिचपिचीत वाढ होईल आणि ती पहिल्यांदा सडेल. परभणीकडं डिसेंबरात पारा किती खाली जातो ते तुम्ही पेपरात वाचताच.

लाल कोळी पण एकदा तपासून घ्या. शेंड्याची कोवळी साल धुरकट पिवळी, मग गंजल्यासारखी तपकिरी झाली आणि भिंगातून बारीक जाळं दिसलं तर कोळी. उन्हाळ्यात जास्त असतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं दोन-तीन वेळा धुतले की पुष्कळ कमी होतात. गंधक मारायचं तर कडक उन्हाळ्यात नको, साल भाजते. कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण, स्पिरिटमध्ये कापूस बुडवून पुसा. कुंडी बदलताना मुळांवर पांढरी पूड दिसली तर तोही पिठ्या ढेकूणच, मुळांवरचा, माती सगळी फेकून मुळं धुवा. हे किडे कमी समजू नका, १९२६ मध्ये भारतात असाच एक किडा मुद्दाम आणून सोडला होता, त्यानं बांधाबांधावर माजलेला फड्या निवडुंग थोड्या वर्षांत आडवा केला.

सिरियसचं खालचं वीतभर अंग तपकिरी, कडक, लाकडासारखं झालंय त्याची काळजी करू नका. ते वय आहे. एवढा उंच खांब उभा राहायला त्याला बुडाला लाकूड करावंच लागतं.

आता दुसरं झाड, त्याला वेळ नाही. बुडाकडून पिवळं, चार बोटं भाग दाबला तर आत जातो, रंग पाणी भरल्यासारखा, हा मूळ सडल्याचा प्रकार आहे. काळी माती शेतात कापसाला, ज्वारीला सोनं आहे, कुंडीत या झाडांना ती चालत नाही. पावसाळ्यात ती फुगते, पाणी धरून बसते, आतली हवा जाते आणि मुळं गुदमरतात. उन्हाळ्यात तीच माती तडकते आणि बारीक मुळं तोडते, आणि त्या तुटलेल्या जागेतून पुढच्या पावसाला बुरशी आत शिरते. म्हणून मराठवाड्यात असली झाडं जूनमध्ये नाही, परतीच्या पावसात जातात, तुमचं दसऱ्याला सुरू झालं ते उगाच नाही. काकूंचं पाणी कमी पडलंय हे म्हणणं चुकीचं का, तर तहानलेलं झाड सुरकुततं, धारा एकमेकीजवळ येतात, भाता मिटल्यासारखं दिसतं, पण कडक राहतं. तुमचं मऊ आहे. दिरांचं बुरशी हे निदान बरोबर आहे, पण वरून फवारून खालच्या सडक्या बुडापर्यंत काही पोचत नाही. कापावंच लागतं.

येत्या रविवारीच करा. हातमोजे घाला, डोळ्याला चष्मा लावा, लेकरांना खाली पाठवा. धारदार सुरी स्पिरिटनं पुसा आणि मऊ भागाच्या चार बोटं वरून आडवा काप घ्या. काप बघा, आतला गाभा आणि त्याच्या भोवतीचं कडं एकसारखं पांढरट-हिरवं पाहिजे. त्या कड्यात एक जरी तपकिरी, केशरी ठिपका दिसला तर सुरी परत पुसून अजून दोन बोटं वर कापा, ठिपका दिसेनासा होईपर्यंत. इथं जीव तुटतो, एवढा वाढवलेला खांब म्हणून माणूस थांबतो, आणि राहिलेला ठिपका पंधरा दिवसात सगळं खातो. दूध वाहील, ते साध्या पाण्यानं वाहणं थांबेपर्यंत धुवा, टिपा, कापावर गंधकाची पूड नाहीतर दालचिनीची पूड लावा. जुनी माती आणि खालचं बुड कुंड्यांजवळ टाकू नका.

मग तो तुकडा रिकाम्या कुंडीत उभा ठेवा, आडवा नको, आडवा ठेवला की शेंडा उजेडाकडं वाकतो. हवेशीर, उजेडाची पण ऊन नसलेली जागा, व्हरांडा चालेल. तीन आठवडे तरी, काप कडक आणि कोरडा खपलीसारखा होईपर्यंत. तोपर्यंत माती तयार करा, क्रशरची तीन-चार मिलिमीटरची बारीक खडी धुऊन आणि विटांचे बारीक तुकडे मिळून दोन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत आणि लाल माती मिळून एक भाग. कुंडी मातीची घ्या, तुकड्यापेक्षा चार बोटं रुंद, एवढंच. एक मग पाणी ओतून बघा, काही सेकंदात खालून आलं पाहिजे, वर तळं साचलं तर खडी वाढवा. मग मिश्रण वाळू द्या आणि कोरड्यातच तुकडा लावा, दोन बोटंच खोल, बाजूनं दोन-तीन काठ्या बांधा म्हणजे हलणार नाही. पहिले दोन आठवडे पाणी नाही, त्यानंतर दुपारच्या आधी काठानं थोडंसं, आणि पुढं दर वेळी बांबूची काडी तळापर्यंत घालून काढा, ओलसर मिश्रण चिकटून आलं तर पाणी पुढं ढकला. थंडीत महिन्यातून एकदा पुरे होतं.

मुळं आली का ते बघायला ओढून बघू नका. संक्रांत होऊन ऊन चढायला लागलं की शेंड्याला बारीक कोवळी पानं दिसतील, तेव्हा मला एक फोटो पाठवा, बुडाचा आणि शेंड्याचा वेगवेगळा, मग पाणी किती वाढवायचं ते सांगतो.